देवाचं पान

सरकारनं लग्नाच्या जेवणाला पन्नास पानांची मर्यादा घातली, तेव्हा पुष्कळांनी सरकारला उघड शिव्या दिल्या आणि मनातून आभार मानले. नको असलेला माणूस टाळायला पूर्वी डोकं चालवावं लागे. आता धान्यटंचाई होती.

आनंदचं लग्न पन्नास सालच्या मे महिन्यात कल्याणला ठरलं. मुलीच्या वडिलांनी तीस पानं स्वतःकडे ठेवली आणि वरपक्षाला वीस दिली. त्या विसांची यादी करायला एका रविवारी दुपारी आम्ही आनंदच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत जमलो. आम्ही म्हणजे आनंद, त्याची नियोजित वधू सुमेधा, त्र्यंबक आणि मी. तिघे पुरुष कॉलेजपासूनचे मित्र. सुमेधा शाळेत शिकवत होती आणि लग्नाआधी सासरी येऊन बसण्याइतकी सुधारलेली होती. आनंदची आई तितकी सुधारलेली नसल्यामुळे स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती.

त्र्यंबक छातीच्या दुखण्यातून बरा होऊन महिन्यापूर्वी मिरजेच्या सॅनिटोरियममधून परतला होता. दीड वर्ष होता तिथे. याच्यापासून आता कुणाला धोका नाही, असं डॉक्टरांचं पत्र तो खिशात बाळगी आणि न विचारता दाखवी. लोक ते वाचून "वा वा" म्हणत आणि खुर्ची जरा मागे घेत. आनंदच्या लग्नात पंगतीला बसायचं, दोन्ही बाजूंना माणसं असताना जेवायचं, हे त्यानं तिथल्या खाटेवरच ठरवलं होतं. मला तसं कळवलंही होतं.

अक्षर चांगलं म्हणून यादी त्याच्याकडेच होती.

"एकोणीस झाले," तो म्हणाला. "आणि विसावे अस्मादिक."

"नैवेद्याचं पान धरलंत का रे?" आतून आवाज आला.

आनंदनं जानवं कॉलेजातच काढून टाकलं होतं. तो तत्काळ म्हणाला, "खरंच की. देवाचं पान राहिलं. इन्स्पेक्टर आला तर तो पानं मोजणार. त्याला देव काय नि माणूस काय."

त्र्यंबकचा टाक थांबला. मग तो हसला. "देवाला टाळून कसं चालेल?" त्यानं विसाव्या आकड्यापुढे सुरेख अक्षरात 'देव' लिहिलं.

"बाबांच्या तिसांतलं एक घ्या," सुमेधा म्हणाली. "मी सांगते त्यांना."

"छे, त्यांना कशाला त्रास?"

"मग माझं पान त्र्यंबकरावांना द्या. मी नंतर घरी जेवेन."

"अगं, प्रश्न पानाचा नाही..." आनंद म्हणाला.

"मग कशाचा आहे?"

आनंदनं माझ्याकडे पाहिलं. बोलण्यात हुशार म्हणून माझी ख्याती होती. त्र्यंबकही माझ्याकडेच पाहत होता. त्याला माझ्याकडून एकच वाक्य हवं होतं, आणि ते कोणतं हे मला ठाऊक होतं.

"कायदा आहे," मी म्हणालो. "आपण काय करणार?"

"अरे, मी विसरलोच होतो," त्र्यंबक म्हणाला. "मला त्या दिवशी मिरजेला दाखवायला जायचंय."

"मघाशी तुम्ही जूनमध्ये म्हणालात," सुमेधा म्हणाली.

"तारीख बदलली, वहिनी."

त्यानं यादी वाळू दिली, घडी घालून आनंदच्या हातात ठेवली, आतल्या दिशेनं "येतो, काकू" म्हणाला आणि गेला. आनंद आणि मी एकदम मोकळे झालो. आनंद तर चहा मागवायला निघाला.

"उद्या मला तेच दुखणं झालं तर?" सुमेधानं विचारलं.

"तुला कशाला होईल? काहीतरीच तुझं," आनंद प्रेमानं म्हणाला. आपण तिला धीर दिला असं त्याला वाटलं.

ती बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. पण पत्रिका छापून आल्या होत्या आणि तिच्यामागे दोन बहिणी लग्नाच्या होत्या.

लग्नाला मोजायला कुणी आलं नाही. मुलीच्या वडिलांनी कुठून कुठून तांदूळ आणले होते. दोन पंगती उठल्या, तिसरी बसली. शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे, बँडवाले, बँडवाल्यांचे ओळखीचे, सगळे जेवले. मी वाढायला होतो.

नवरानवरीचं पान तिसऱ्या पंगतीत होतं. "घास भरव, घास भरव," असा बायकांनी गलका केला. आनंदनं लाजत जिलबीचा तुकडा पुढे केला.

त्याला तो हातात तसाच धरायला लावून सुमेधानं मला हाक मारली. "प्रभाकरराव, आत्तापर्यंत किती पानं झाली?"

दीडशेच्या वर झाली होती. आनंद माझ्याकडे पाहत होता.

"पन्नास," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, तोंड उघडलं आणि घास घेतला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडून कुणीतरी मठ्ठा मागितला, म्हणून मी तिकडे गेलो.