किंकाळीपासून पुढे

माझी मावशी पूर्वी पंक बँडमध्ये किंचाळायची. आता ती पाळणाघर चालवते. दोन्हीकडे समोरचे लोक उड्या मारतात, थुंकतात आणि मधूनच रडतात, त्यामुळे तिला बदल फारसा जाणवला नाही.

बँडच्या शेवटच्या कार्यक्रमात, गाण्याच्या मधोमध, एक लांबलचक किंकाळी होती. मावशीने तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. लोकांनी सहानुभूतीने टाळ्या वाजवल्या. पंक बँडचा इतका अपमान कुणी केला नसेल. चौघे खाली मान घालून घरी गेले, ते गेलेच.

बँडचा नियम एकच होता. सुरू केलेलं गाणं संपल्याशिवाय दुसरं वाजवायचं नाही. त्यामुळे पुढची एकोणीस वर्षं त्यांनी काहीच वाजवलं नाही.

यंदा मावशीने सगळ्यांना फोन केले. नवा अल्बम करायचा. पहिलं गाणं तेच, थांबलं होतं तिथूनच, म्हणजे थेट किंकाळीपासून.

"आणि आधीचं अर्धं?" मी विचारलं.

"ते वाजवून झालंय."

रविवारी पाळणाघर रिकामं असतं. आम्ही तिथे जमलो. गिटारवाले बुलेटकाका हल्ली गाडी चालवायला शिकवतात. पहिला सूर लावण्याआधी त्यांनी डावीकडे, उजवीकडे आणि मागे पाहिलं. ड्रमवाले भूकंपकाका फरश्या बसवतात. त्यांचा एक ठोका वर-खाली होत नाही. बेस वाजवणारा चौथा परदेशात सुखी आहे, म्हणजे आपल्या उपयोगाचा राहिला नाही. त्याच्या जागी मी. सगळे लाल-पिवळ्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे कानाशी घेऊन बसलो.

आम्ही जीव तोडून वाजवलं. मावशीने श्वास भरला, तोंड उघडलं, आणि इतका मऊ, इतका मायाळू सूर निघाला की कानाला हेडफोन लावून बसलेली रेकॉर्डिंगवाली घसरगुंडीला टेकून झोपली.

"पुन्हा," मावशी म्हणाली.

पुन्हा केलं. या वेळी भूकंपकाकांना जांभई आली, तीही तालात.

रेकॉर्डिंगवाली जागी झाली. "ताई, तुमची जुनी किंकाळी असेल एखाद्या कॅसेटवर. मी चिकटवून देते."

"जुन्या किंकाळ्या जुन्या गोष्टींवरच्या आहेत," मावशी म्हणाली. "पुन्हा."

"भोंगा, राहू दे ना," बुलेटकाका म्हणाले. बँडमध्ये तिला हेच नाव. "वय झालं आपलं. सावकाश घेऊ."

"सावकाश तू घे. मी एकदा हे तोंड उघडून तशीच घरी गेलेय. आज नाही जाणार."

दुपार टळली. मावशी खिडकीशी जाऊन पाणी प्यायली. "माझ्या लक्षात आलं," ती म्हणाली. "मूल जितकं मोठ्याने रडेल तितका मी आवाज खाली आणते. त्याशिवाय ते गप्प होत नाही. तुम्ही जितके बडवताय तितकी मी तुम्हाला झोपवतेय."

"मग काय करायचं?" मी म्हटलं.

"काहीच नाही. गप्प बसा. मी भिंतीकडे तोंड करते. मशीन चालू ठेव गं."

आम्ही गप्प बसलो. कुणी हललं नाही. मावशीच्या पाठीला घाम फुटताना मला दिसला. पाळणाघरात आरडाओरड्याला कुणी भीत नाही; सगळी मुलं एकदम शांत झाली की समजावं, कुणाच्या तरी तोंडात काहीतरी आहे.

आणि मग त्या शांततेत बारीकसं 'कट्' ऐकू आलं.

मावशी गर्रकन वळली.

"थुंऽऽऽक!"

खिडकीची तावदानं थरथरली. रेकॉर्डिंगवालीने हेडफोन फेकून दिले. भूकंपकाकांच्या हातून काठी आपसूक ड्रमवर पडली, वेळेआधी, वाकडी, आणि तो ठोका इतका छान होता की आम्ही सगळे त्याच्यामागे धावलो. बुलेटकाकांनी या वेळी कुठेच पाहिलं नाही. दाताखाली तुटलेला हिरवा खडू तसाच तोंडात ठेवून त्यांनी गाणं शेवटपर्यंत नेलं. मावशी प्रत्येक ओळीला ओरडत होती आणि तिचा आवाज फाटत होता, पण निघत होता.

शेवटचा ठोका पडला. एकोणीस वर्षं चाललेलं गाणं संपलं.

"मुद्दाम केलंस ना, बुलेट?" मावशीने हात पुढे करत विचारलं.

"हो," बुलेटकाका म्हणाले आणि खडू तिच्या तळहातावर थुंकले.

"खोटं बोलतोय," भूकंपकाका म्हणाले. "घाबरला की चावतो. तेव्हाही माझी काठी चावायचा."

मावशीने खडू पुसून डब्यात ठेवला आणि माइककडे वळली.

"चला," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आता दुसरं."