गाडी बिघडली म्हण

सकाळी आठला ड्यूटीवर आलं की भिमाजी आधी गाडी तपासायचा आणि मग चहा प्यायचा. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा, स्ट्रेचरची खटकी, सायरन, वायपर, चारही टायर. एकशे आठच्या रुग्णवाहिकेवर त्याचं हे अकरावं वर्ष. कागदोपत्री या गाडीच्या ड्रायव्हरला 'पायलट' म्हणतात, आणि त्याची बायको वत्सला चारचौघींत मोठ्या ठसक्यात तोच शब्द वापरायची. नाशिकहून हरसूलकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा त्याला पाठ होता.

दसरा चार दिवसांवर आला होता. दुपारचे दोन वाजून गेले होते. ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात लिंबाखाली गाडी उभी होती आणि गाडीवरच्या डॉक्टर साधना मागच्या दारात बसून डबा खात होत्या. दीड वर्षापासून दोघं एकाच गाडीवर होते. तो त्यांना 'मॅडम' म्हणे, त्या त्याला 'भिमाजीभाऊ'.

कॉल आला. साधनाताईंनी डबा तसाच बाजूला सारला.

"महिला, वय तेवीस. कोयत्याने वार. पिंपळदऱ्याच्या पुढे गुलाबाची नर्सरी आहे, तिथे. फोन नवऱ्याने केलाय, पोलिसांनाही कळवलंय. चला भाऊ." त्यांनी स्क्रीनवर बोट फिरवलं. "नाव हर्षाली."

भिमाजीने गाडी चालू केली होती. त्याचा पाय क्लचवर तसाच राहिला.

"काय झालं?"

"काय नाय. बसा, मॅडम."

पिंपळदरा त्याचंच गाव. हर्षाली त्याच्या चुलतभावाची, कारभारीची मुलगी. लहानपणी तिला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून त्यानेच शाळेत सोडलं होतं. गेल्या वर्षी तिने आयुषशी नोंदणी लग्न केलं. आयुष गावकुसाबाहेरच्या वस्तीतला, दुसऱ्या जातीचा, शेतकीचा डिप्लोमा झालेला मुलगा. लग्नाची बातमी आली त्याच आठवड्यात कारभारीने भावकी गोळा केली आणि सांगितलं, माझी पोरगी मेली. नुसतं सांगून तो थांबला नाही. कणकेची बाहुली करून तिला अग्नी दिला, डोकं भादरलं, दहाव्या दिवशी गोदाघाटावर पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला. "बघा, देवालाबी पटलं," असं कारभारी म्हणाला आणि माणसांनी माना डोलावल्या. गावात पंगत बसली. भिमाजीही त्या पंगतीला होता. नको म्हणावं असं त्याच्या मनात आलं होतं, पण शेजारी दोन्हीकडे भाऊबंद बसले होते, आणि वाढप्याने पानात भात वाढला होता. तो जेवला.

गाडी रस्त्याला लागली. टोमॅटोचे कॅरेट भरलेले पिकअप, झेंडूने लादलेले टेम्पो सायरन ऐकून डावीकडे सरकत होते. एका एसटीवाल्याने तर साइडपट्टीवर उतरून वाट दिली. भिमाजीचा हात स्टिअरिंगवर स्थिर होता. पिंपळदरा गेला. गावाच्या तोंडाशी ट्रॅक्टर-ट्रॉली कडेला उभी होती आणि पाच-सहा माणसं गाडीकडे टक लावून बघत होती. कुणी हात केला नाही.

नर्सरी आयुषच्या मावशीच्या जागेत होती. दोघांनी चार महिन्यांपूर्वी ती सुरू केली होती. गुलाबाची फुलं हर्षाली स्वतः नाशिकच्या फूलबाजारात नेऊन विकायची. त्याच बाजारात कारभारी झेंडू न्यायचा. लोक त्याला हसून विचारायचे, "काय कारभारी, मेलेली पोरगी गुलाब विकती व्हय?" हे हसणं त्याच्या आणि त्याचा मुलगा अमोल याच्या डोक्यात महिनाभर कुजत होतं.

शेडनेटच्या आत हर्षाली रोपांच्या वाफ्यावर आडवी पडली होती. डावा हात कोपराखाली जवळजवळ तुटून कातडीवर लोंबत होता. खांद्यावर एक वार, बरगडीखाली एक. आयुषने शर्ट काढून तिच्या दंडाशी दाबून धरला होता. त्याच्या स्वतःच्या उजव्या हाताची दोन बोटं चिरलेली होती, पण त्याचं तिकडे लक्षही नव्हतं.

"अमोल होता," तो म्हणाला. "तिचा सख्खा भाऊ. ती त्याला 'पाणी पितो का' म्हणाली हो."

साधनाताई गुडघ्यांवर बसल्या. दंडाला पट्टा आवळला, तो कधी आवळला ती वेळ मोठ्याने सांगितली. तोंडावर ऑक्सिजन, उजव्या हाताला सलाइन, बरगडीच्या जखमेवर घट्ट बांधणी. "भाऊ, स्ट्रेचर. मान हलू देऊ नका. तीन म्हटलं की उचला." सहा मिनिटांत गाडी परतीला लागली. आयुष मागे तिच्या उशाशी बसला.

गावाजवळच्या वळणावर भिमाजीने ब्रेक दाबला. ट्रॉली आता रस्त्यावर आडवी होती. एका बाजूला खोल नाला, दुसऱ्या बाजूला दगडी बांध. कारभारी रस्त्याच्या मधोमध उभा होता. मागे भावकीतले चौघे आणि ट्रॅक्टरच्या चाकाला टेकलेला अमोल. त्याच्या हातातला कोयता अजून पुसलेला नव्हता.

कारभारी खिडकीशी आला. आवाज चढवला नाही.

"भिमा, गाडी बंद कर."

"दादा, ट्रॉली काढ. आत हर्षाली हाय. जिती हाय."

"कोण हर्षाली? मला पोरगी नाय. तिच्या दहाव्याला तू जेवला होतास ना?"

भिमाजीने इंजिन चालूच ठेवलं.

"मी तुला कुणाला हात लाव म्हणत नाय," कारभारी समजुतीच्या सुरात म्हणाला. "नुसता अर्धा तास थांब. गाडी बिघडली म्हण. गाड्या बिघडत नायत का? तुझी नोकरी बी राहील, भावकी बी राहील."

पुढे कितीतरी दिवस भिमाजीला आठवत राहिलं ते हेच, की ते किती सोपं होतं. चावी फिरवायची, बोनेट उघडायचं, आत बघत उभं राहायचं. हाताला रक्त लागणार नव्हतं. पंगतीत बसण्याइतकंच ते सोपं होतं.

मागून साधनाताईंचा आवाज आला, "भाऊ, प्रेशर ऐंशीच्या खाली चाललंय! गाडी का थांबली?"

"गाडी बिघडलेली नाय, दादा," भिमाजी म्हणाला आणि त्याने रिव्हर्स टाकला.

पहिला दगड समोरच्या काचेवर आला. काच जाळ्यासारखी तडकली. दुसऱ्या दगडाने उजवा आरसा उडाला. अमोल धावत आला आणि त्याने खिडकीवर कोयता घातला. काचेचा चुरा भिमाजीच्या तोंडावर उडाला, कोयत्याचं टोक आत आलं आणि त्याच्या दंडात रुतून निघालं. कढत सळई लावल्यासारखं वाटलं. अमोलने दाराला लोंबकळत पुन्हा कोयता उगारला तेव्हा भिमाजीने ॲक्सिलरेटर दाबला. अमोल घसरून डांबरावर आपटला.

पाटावरच्या रस्त्याचा फाटा अर्धा किलोमीटर मागे होता. तिथवर उलटं जायचं, एका आरशावर, नाल्याच्या काठाने.

"आयुष! मागच्या काचेतनं बघ आणि मला सांग!"

"डावीकडं घ्या… अजून… आता सरळ. सरळ, काका. मागून मोटारसायकल आहे, थांबली ती, या!"

तडकलेल्या काचेतून भिमाजीला मागे पडत जाणारा रस्ता दिसत होता. कारभारीने पाठलागासाठी ट्रॅक्टर सुरू केला. तेवढ्यात झेंडूच्या वावरातून मैनावहिनी, हर्षालीची आई, धावत आली. ओच्यातली फुलं सांडत ती ट्रॅक्टरच्या पायरीवर चढली, तिने चावी हिसकली आणि नाल्यात भिरकावली. कारभारीने तिला केसाला धरून खाली ओढलं. लाथ मारली. मग काठीने मारलं. चौघे बघत उभे होते. तिचा आवाज काही ऐकू आला नाही, सायरन चालू होता. भिमाजीला गाडी थांबवून खाली उडी मारावीशी वाटली. त्याने थांबवली नाही. गाडीतल्या जिवाशी त्याची बांधिलकी होती.

फाट्यावर गाडी वळली. पाटाचा रस्ता मुरमाचा, अरुंद. अशा वेळी नवखा ड्रायव्हर गाडी पळवतो आणि मागे सलाइनची सुई निखळते. भिमाजीने वेग तेवढाच ठेवला, ज्यात मॅडमना एका हाताने दांडी धरून उभं राहता येईल. डाव्या हाताने गिअर, आणि उजव्या बाहीतून रक्त कोपरावरून मांडीवर. साधनाताई फोनवर नाशिकच्या रुग्णालयाला सांगत होत्या, "पंचवीस मिनिटांत पोचतोय. सर्जन आणि रक्त तयार ठेवा. आणि पिंपळदऱ्याला दुसरी गाडी पाठवायला सांगा, पोलिसांसह. तिथे एका बाईला मारताहेत."

"काका," मागून हर्षालीचा पुसट आवाज आला. "आई होती का तिथं?"

"होती, बाळा. तिनंच वाट दिली."

शस्त्रक्रिया चार तास चालली. डावा हात कोपराखाली काढावा लागला. सर्जन बाहेर आले तेव्हा भिमाजीच्या दंडाला अकरा टाके पडले होते. "वाचेल," ते म्हणाले. "पण अजून अर्धा तास उशीर झाला असता तर माझ्या हातात काही उरलं नसतं." भिमाजी भिंतीला पाठ लावून खाली बसला. मैनावहिनी खालच्या वॉर्डात होती, दोन बरगड्या मोडलेल्या. कारभारी आणि अमोलला संध्याकाळी अटक झाली.

तिसऱ्या दिवशी भावकीतली पाच माणसं भिमाजीच्या घरी आली. पुढे गोटीराम होता, सगळ्यांत वडील. वत्सलाने पाणी ठेवलं. कुणी प्यायलं नाही.

"झालं ते वाईट झालं," गोटीराम म्हणाला. "पण पोरगं आत सडंल. तू एवढंच सांग, काच फुटली, डोळ्यात चुरा गेला, कोण होतं ते दिसलं नाय."

"दिसलं, तात्या."

"भिमा, तुझ्या घरात बी पोरगी हाय. उद्या आरोहीला सोयरिकीला कोण उभं करंल? मेल्यावर तुला खांदा कोण देईल?"

आरोही दहावीत होती. ती आतल्या दाराशी पुस्तक छातीशी धरून उभी होती. भिमाजीने तिच्याकडे पाहिलं. त्याला कळलं, ही माणसं धमकी देत नव्हती. ती मनापासून त्याचं भलं सांगत होती. कारभारीही त्या दिवशी असाच बोलला होता.

"तात्या," तो म्हणाला, "आरोही उद्या कुणाचाबी हात धरून गेली, तरी ती जिती राहील. मला एवढंच पायजे. मला खांदा देणारं कुणी नसंल तर एकशे आठला फोन करा."

ती माणसं उठली. वत्सलाने दार लावलं आणि तिथेच टेकून ती रडली. थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाली, "जबाब द्यायला कधी जायचं? मी येती संगं."

पोलीस ठाण्यात त्याने सगळं सांगितलं. कोण कुठे उभं होतं, कोयता कुणाच्या हातात होता, मैनावहिनीला कुणी मारलं आणि कोण नुसते बघत होते. शेवटी म्हणाला, "साहेब, दहाव्याचंबी लिहा. पोरगी जिती असताना घातला. कोण कोण जेवलं त्याची नावं देतो. पहिलं माझं लिहा."

अधिकाऱ्याने पेन थांबवलं. "जेवणं हा गुन्हा होत नाही हो."

"नसंल. पण साहेब, मेलेल्या माणसावर वार करताना हात कापत नाय. ती मेली असं आम्ही साऱ्यांनी मिळून त्या पोराला सांगितलं होतं."

अधिकाऱ्याने नवा कागद पुढे ओढला. मग त्याने लिहून घेतलं.

भावकीने भिमाजीचं घर वाळीत टाकलं. दिवाळीला कुणी फराळाचं ताट पाठवलं नाही, दुकानात बायका वत्सलाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्याने त्याचीही रीतसर तक्रार दिली. दंडाची जखम भरून आल्यावर तो पुन्हा ड्यूटीवर रुजू झाला.

कार्तिकात एका सकाळी पिंपळदऱ्याहून कॉल आला. छातीत कळ, महिला, वय अठ्ठ्याहत्तर. गोटीरामची आई, भागुबाई. गाडी दारात थांबली तेव्हा ओट्यावर गोटीराम उभा होता. ड्रायव्हर बघून तो चपापला. मग खाली मान घालून म्हणाला, "लवकर ने, भिमा."

"उचला तुम्ही बी, तात्या. मान सांभाळून."

गोटीराम मागे आईच्या उशाशी बसला. साधनाताईंनी गोळी दिली, ईसीजी काढला. म्हातारीचा श्वास जरा बसला. नाशिक जवळ आलं तशी तिने मास्क बाजूला सारला.

"भिमा… हर्षीचा हात लय दुखतो का रं?"

वर्षभरात भावकीतल्या कुणी ते नाव मायेने तोंडातून काढलं नव्हतं. गोटीराम खिडकीबाहेर बघू लागला.

"आज पट्टी बदलायला येणार हाय ती," भिमाजी म्हणाला. "त्याच दवाखान्यात."

भागुबाईला आत नेलं. गोटीराम कागदावर सही करून बाहेर आला आणि जिन्यापाशी घुटमळला.

"कितव्या मजल्यावर?" त्याने विचारलं.

"दुसऱ्या."

गोटीरामने कठड्याला हात लावला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबला. वरून माणसं उतरत होती, खालून चढत होती, त्याच्या अंगाला घासून जात होती. भिमाजी त्याच्यासाठी थांबला नाही. पुढचा कॉल आला होता.

गोटीराम वर गेला की माघारी फिरला, हे भिमाजीला कधी कळलं नाही. पण त्या पायरीवर तो एकटाच उभा नव्हता. भात पानात पडल्यावर उठता न आलेले आपण सगळेच तिथे उभे आहोत. वर एक मुलगी जिवंत आहे, आणि पाय ज्याचा त्यालाच उचलायचा आहे.