जपानीत किर्रला काय म्हणतात

सहा महिने दिपाली चाकणच्या एका जपानी कंपनीत दुभाषी म्हणून हंगामी होती. तिला कायम करायचं की निरोप द्यायचा, ते आज ठरणार होतं. त्यासाठीच एचआरचे शेखर सर तिच्या मागे येऊन उभे होते. त्यांना जपानी ओ की ठो कळत नव्हतं. पण भाषा येणारा माणूस अडखळत नाही, एवढं त्यांनी पक्कं धरलं होतं.

आणि नेमकं आजच जुने ऑपरेटर उद्धवरावांनी चालू मशीन बंद केलं.

"का थांबवलं?" कारखान्याचे जपानी प्रमुख मोरिता साहेबांनी विचारलं.

"आवाज बदललाय म्हणावं, ताई."

दिपालीने ते घडाघडा सांगितलं. शेखर सरांनी मान डोलावली.

"कसा आवाज?"

"काल नुसतं घूंऽ करायलं होतं. आज मधीच किर्र करायलंय. घशात काटा अडकल्यावानी."

दिपालीच्या वहीत बेअरिंग होतं, स्पिंडल होता, घरी भिंतीवर तीन सर्टिफिकेटं होती. किर्र कुठेच नव्हतं. 'विचित्र आवाज' म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण मग साहेब मशीन चालू करा म्हणाले असते, आणि काम अडवल्याचा ठपका उद्धवरावांवर आला असता.

"मला याला शब्द माहीत नाही," ती जपानीत म्हणाली. मग वळून, "काका, परत करून दाखवा."

उद्धवरावांनी केलं. मग तिने केलं, साहेबांसमोर, तोंड वाकडं करून. आजूबाजूची पोरं फिदीफिदी हसली. मोरिता साहेबांनी मात्र डोळे मिटले आणि स्वतःच म्हणाले, "किर्रर्रर्र?"

"न्हाई न्हाई, एवढं लांब न्हाई. आखूड."

तिने सांगितलं. तिसऱ्या खेपेला दोघांचं जमलं. साहेबांनी कव्हर उघडायला लावलं. आतलं बेअरिंग गेल्यातच जमा होतं.

"अडखळलात तुम्ही, मॅडम," शेखर सर पुटपुटले.

मोरिता साहेब त्यांच्याकडे वळून दोन वाक्यं बोलले आणि हात धुवायला गेले.

"काय म्हणाले?"

पहिलं वाक्य गाळलं असतं, तर कुणाला पत्ता लागला नसता. दिपालीने ओढणी सावरली.

"हिचं जपानी अजून कच्चं आहे, म्हणाले," ती म्हणाली. "आणि येत नाही तिथे ही येत नाही म्हणते, तेव्हा हिला ठेवा, म्हणाले."

शेखर सरांनी खिशातलं पेन काढलं.

"पहिलं पण सांगितलं व्हय?" उद्धवराव म्हणाले. "लई सरळ आहात बाई तुम्ही."