समोरच्या शाळेची जोडी

टेनिसवरच्या त्या जपानी कार्टून मालिकेत जिंकणारी शाळा एकच होती. तिच्या मुलांचे डोळे मोठाले, केस कायम वाऱ्यावर, आणि चेंडू हुकला तरी संगीत त्यांच्याच बाजूने वाजायचं. बाकीच्या शाळा हरण्यासाठीच काढलेल्या. त्यांतल्या सगळ्यात तगड्या शाळेला डबिंग स्टुडिओत 'समोरचे' म्हणत, आणि समोरच्यांच्या डबल्स खेळणाऱ्या जोडीला लांब्या आणि बुटक्या. मूळ नावं घेताना जिभेला गाठ पडायची, म्हणून ती फक्त कागदावर राहिली.

बुटक्याचा आवाज तिचा. चव्वेचाळीस वर्षांची बाई चौदा वर्षांच्या मुलाचं बोलते हे कुणाला खरं वाटायचं नाही, मग ती भर दुकानात एक आरोळी ठोकून दाखवायची आणि दुकानदाराच्या हातातलं माप खाली पडायचं. लांब्याचा आवाज तिच्या नवऱ्याचा.

बाकीचे कलाकार एकेकटे येत, हेडफोन लावत आणि आपापली वाक्यं बोलून घरी जात. या दोघांचा मात्र हट्ट, की आम्ही एकाच माइकसमोर उभे राहणार. डबल्समध्ये चेंडू दोघांच्या मधून आला की कुणी घ्यायचा हे ओरडूनच ठरवावं लागतं, ते एकट्याने कसं जमायचं? तीन वर्षं ती दोघं "माझा!", "सोड!" असं एकमेकांच्या अंगावर ओरडत आली. घरी दाराची घंटा वाजली तरी तोंडातून आधी "माझा!" बाहेर पडायचं. लोक हसायचे, पण कामाला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती.

चार महिन्यांपूर्वी नवरा एक बॅग भरून धाकट्या बहिणीकडे राहायला गेला. भांडण नाही, तंटा नाही, मध्ये तिसरं माणूस नाही. मला जरा शांतता हवी, असं काहीसं म्हणाला होता. तिने आधी आठवडा धरला, मग महिना धरला. नवरे रुसतात, परत येतात, त्यात डोंगर कोसळण्यासारखं काय, असं ती शेजारणीला सांगायची आणि दार लावून घेतलं की स्वयंपाकघरातल्या स्टुलावर तासभर बसून राहायची.

तेव्हापासून कामही वेगळं झालं. तो मंगळवारी बोलून जायचा, ती गुरुवारी यायची. रेकॉर्डिस्ट त्याचा आवाज तिच्या कानात सोडायचा आणि ती उत्तर द्यायची. लांब्या म्हणायचा, "नेटजवळ राहा!" ती म्हणायची, "राहतेय... राहतोय!" आणि रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून हात हलवून पुन्हा घ्यायला लावायचा. अलीकडे तिने फोनही कमी केले होते. गुरुवारी भेट होतेच की, असं ती मनाशी म्हणायची. बाई वेडी नव्हती. पण आशेला कान असतात आणि अक्कल नसते.

त्या गुरुवारी उपांत्य सामना होता. समोरचे हरणार आणि मालिकेतून कायमचे जाणार, म्हणजे तिचे गुरुवारही संपणार. काही व्हायचं असेल तर आजच, हे तिला सकाळपासून कळत होतं. साडीला दोनदा इस्त्री केली, जसं काही माइकला दिसणारच होतं.

पडद्यावर लांब्या गुडघ्यांवर बसला होता. रॅकेट बाजूला पडलेली. तिच्या कानात आवाज आला, "चूक माझी होती. मी तुझ्यावर ओरडलो, कारण मलाच भीती वाटत होती." मग आवंढा. चित्रात आवंढा नव्हता, लांब्याचे ओठ तेवढा वेळ उघडेच होते. मग, "परत खेळशील माझ्याबरोबर?"

अठरा वर्षं ती या माणसाच्या आवाजावर जगली होती. त्याचा खोटा खोकला, खोटं हसू, खोटं रडू, सगळं तिला पाठ होतं. हे त्यातलं नव्हतं. हा लांब्या बोलत नव्हता, तिचा नवरा बोलत होता.

"पुन्हा लाव," ती म्हणाली. रेकॉर्डिस्टने लावलं. "अजून एकदा."

"ताई, काही अडचण आहे का?"

"काही नाही. लाव."

चौथ्यांदा ऐकल्यावर तिने तोंड उघडलं. "खेळेन. तू नुसती हाक मार." एका टेकमध्ये झालं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने चष्मा काढून पुसला.

नणंदेचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टची वाट बघायला तिला धीर नव्हता. दार नणंदेनेच उघडलं, हात कणकेचे. "वहिनी? अगं, अचानक कशी?" नवरा आतल्या टेबलाशी बसून तुटलेल्या कपाचा कान चिकटवत होता. त्याने मान वर केली. वजन थोडं वाढलं होतं त्याचं. झोप नीट होत असावी.

"आले बघ," ती दम खात म्हणाली. "तू बोलावलंस, मी आले. चल घरी."

"मी? कधी?"

"मंगळवारी. लांब्याच्या तोंडून बोललास म्हणून काय मला कळणार नाही?"

त्याने कप खाली ठेवला आणि कान बोटाने धरूनच ठेवला, चिकटायला वेळ लागतो म्हणून. "मी ते काम सोडून दीड महिना झाला," तो म्हणाला. "माझ्या जागी एक रेडिओवाले गृहस्थ आलेत. आवाज माझ्या जवळचा आहे त्यांचा, प्रेक्षकांना फरक कळू नये म्हणून निवडले. मला वाटलं, स्टुडिओत तुला सांगितलं असेल."

स्टुडिओवाल्यांना वाटलं असणार, नवऱ्याने सांगितलं असेल. ती उभीच राहिली. दीड महिना म्हणजे सहा गुरुवार. सहा गुरुवार ती एका परक्या माणसाला आपलं मन सांगत होती, त्याच्या श्वासात श्वास मिसळत होती, आणि घरी जाऊन त्या आवाजावर झोपत होती.

"दीड महिना?" नवऱ्याने विचारलं. "आणि तुला कळलं नाही?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता, आणि तो तिला चटका देऊन गेला. नणंद कणकेचे हात तसेच धरून आत निघून गेली.

"सोडलंस कशाला?" तिने विचारलं.

"तू शेजारी नसलीस तरी तुझा आवाज कानात वाजायचा, तिथे उभं राहवेना." तो हळू बोलत होता. "मी जातो म्हणून सांगितलं, त्या दिवशी तू काय म्हणालीस आठवतं?"

"शांतता हवी म्हणालास तू."

"ते मी म्हणालो. तू काय म्हणालीस?"

तिला आठवेना.

"मी पाऊण तास बोललो. सगळं सांगितलं. वर्षभर मला या घरात एकटं वाटतंय, हेही सांगितलं. तू शेवटपर्यंत ऐकलंस आणि म्हणालीस, 'तुझा घसा बसलाय, गरम पाणी पी. आणि शेवटचं वाक्य जरा जास्त ताणलंस.'"

तिला आता आठवलं. त्या दिवशी स्वयंपाकघरात तो बोलत होता आणि ती खरंच कान देऊन ऐकत होती. कुठे त्याचा आवाज फाटला, कुठे श्वास कमी पडला, कुठलं वाक्य लवकर सोडलं, सगळं तिने ऐकलं होतं. तो काय म्हणाला, तेवढं सोडून. आणि तिला ते प्रेम वाटलं होतं.

"आता सांग ना पुन्हा," ती म्हणाली. "आता ऐकते. मध्ये बोलत नाही."

"आता सांगण्यासारखं काही राहिलं नाही गं."

ती खुर्चीवर बसली आणि मोठ्याने रडली, बाई रडते तशी, बुटक्यासारखी नाही. तो उठला, पाण्याचा पेला भरून तिच्यासमोर ठेवला आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसला. खांद्यावर हात ठेवायला तो जवळ येईल म्हणून ती वाट बघत राहिली. पाणी संपलं तरी तो आला नाही.

दारात तिने चपला घातल्या. "येत जाऊ का मधूनमधून?" तिने विचारलं.

"नको," तो म्हणाला.

आवाज स्वच्छ होता, कुठे अडखळला नव्हता. या वेळी तिने शब्द ऐकला, आणि जिना उतरायला लागली.