सूरमावशींसाठी प्रार्थना

बसायच्या जागा बारा होत्या: सोफ्यावर तीन, खुर्च्या आठ आणि पियानोसमोरचं एक स्टूल. त्या शुक्रवारी अकरा भरल्या. स्टूल रिकामं राहिलं, कारण सूरमावशींना ताप होता. चर्चमधल्या मंडळीच्या गाण्यांना पियानोची साथ त्याच करायच्या, म्हणून लहानथोर सगळे त्यांना सूरमावशीच म्हणायचे.

प्रार्थनासभा चष्माताईच्या घरी होती. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची, त्यावरून तिला हे नाव पडलं होतं. गाणं झालं, वाचन झालं. मग चर्चच्या पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "प्रार्थनेचे विषय?"

कुणाचा गुडघा निघाला, कुणाच्या मुलाची नोकरी. पाळी आली तशी चष्माताई जरा पुढे सरकली.

"हे बाहेर जायला नको हं. सूरमावशींची नजर जातेय. मीच तपासली. उजव्या डोळ्यात फारसं काही उरलेलं नाही."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. त्या क्षणी तिला बरं वाटलं, पण ते तिने स्वतःशीही कबूल केलं नाही. सगळ्यांनी डोळे मिटून मनापासून प्रार्थना केली. तिच्या डोळ्यांत तर पाणीच आलं.

मंगळवारी दुपारी सूरमावशी दुकानात आल्या. बसल्या नाहीत.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"मावशी, फक्त प्रार्थनेसाठी..."

"रविवारी दोघींनी मला दोन्हीकडून धरून चर्चची पायरी चढवली. मी काय नवरी आहे? पियानोवर दुसरीच बसलेली. पाळकसाहेब म्हणाले, आता आराम करा. तेही सोसलं असतं गं. पण काल कुणीतरी माझ्या मुलाला परदेशात फोन केला. 'तुझ्या आईच्या डोळ्यांसाठी प्रार्थना करतोय' म्हणे. त्याला काही ठाऊकच नव्हतं. पुढच्या महिन्यात तो आला, की समोर बसवून, हात हातात घेऊन सांगणार होते मी. तुला बोलले होते ना?"

बोलल्या होत्या. डोळे तपासून घेताना, समोरच्याच खुर्चीत बसून.

"मी तुझ्याकडे डोळे दाखवायला आले होते, विषय द्यायला नव्हे."

संध्याकाळी सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. चष्माताईने त्यांना सगळं सांगितलं. "आई, माझा हेतू वाईट नव्हता हो."

"नव्हताच. पण देवाला तिचं दुखणं माहीत नव्हतं का?"

"होतं."

"मग तू सांगत कुणाला होतीस?"

चष्माताई ढिगातला एक टॉवेल उचलून घडी घालू लागली.

"मीही तिथेच सोफ्यावर होते. तुला थांबवलं नाही, उलट कान टवकारले. तेव्हा मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. आपण डोळे मिटतो, पण मन शेजारच्या घरात फिरत असतं. आधी एकटी गुडघे टेक. बोलू की गप्प राहू, ते तिथे विचार. मग जा तिच्याकडे."

दुसऱ्या दिवशी चष्माताई सूरमावशींच्या दारात उभी राहिली. तिने माफी मागितली. 'पण' हा शब्द एकदाही वापरला नाही.

"क्षमा कालच केली," मावशी म्हणाल्या, "नाहीतर झोप कुठली लागली असती? पण सभेला बोलावू नकोस. तिथे आता सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतील. डोळे चाललेत गं माझे, कान नाही."

चष्माताईला हसू आलं, आणि त्यातच रडूही फुटलं.

पुढच्या शुक्रवारी पाळकसाहेबांनी विषय विचारण्याआधीच ती उठली.

"गेल्या खेपेला मी दिलेला विषय माझा नव्हता. ज्यांचा होता त्यांनी तो माझ्याजवळ विश्वासाने ठेवला होता. मी तो सगळ्यांत वाटला."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. "मीही त्यांना न विचारताच आराम देऊन टाकला."

वाचकहो, चहाडी करताना जीभ निदान चाचरते. प्रार्थनेच्या नावाखाली ती बिनदिक्कत चालते, आणि तिचा घाव मात्र तेवढाच खोल जातो. दुसऱ्याचं दुःख ओठांवर येण्याआधी ते देवापुढे एकांतात ठेवावं, मग त्या माणसाची परवानगी घ्यावी. परवानगी नसेल, तर गप्प राहणं हीच आपली प्रार्थना.

त्या शुक्रवारी सात विषय निघाले. सातही ज्याचे त्यानेच सांगितले. बारापैकी अकरा जागा भरल्या होत्या.