विहाराला लखनौची कमान

“बाजूला हो ना, सुभद्रा! स्तूप अडतोय.”

सुभद्रा सवयीने सरकली. सारनाथचं ऊन रणरणत होतं आणि दादाराव कॅमेऱ्याला डोळा लावून मागे मागे जात होते.

“पापा, एक फोटो में मम्मी को भी तो लीजिए,” माया म्हणाली. पोरीला मराठी सगळं कळायचं, तोंडातून मात्र हिंदीच यायचं.

“रोलमध्ये बाराच फोटो येतात, बेटा. आई काय, रोज घरात असतेच.”

दादाराव लखनौला टेलिफोन खात्यात होते. माणसाच्या पायाला भिंगरी! सुट्टी दिसली की निघालेच, कधी श्रावस्ती, कधी कुशीनगर. वर्ध्याकडे गावी विहार बांधायचा होता. गवंड्याने स्तूप जन्मात पाहिलेला नव्हता आणि यांनी छातीठोकपणे सांगून टाकलेलं, ‘नमुना मी पाठवतो.’ तेव्हापासून घास गिळतानाही यांचं लक्ष घुमटांकडे.

सारनाथहून परतल्यावर रोलमध्ये एकच फोटो उरला होता. अमीनाबादला स्टुडिओत रोल धुवायला द्यायचा म्हणून तिघं निघाली. वाटेत नवाबाने बांधलेला रूमी दरवाजा दिसला आणि यांनी रिक्षा थांबवलीच. सुभद्रा उतरली, तडक कमानीखाली जाऊन उभी राहिली.

“बाजूला हो.”

“आज नाही होत. काढायचा तर माझ्यासकट काढा, नाहीतर चला घरी.”

रिक्षावाला हसायला लागला. दादारावांनी चरफडत बटण दाबलं.

गावी पाठवायच्या पाकिटात सुभद्राने तो फोटोही गुपचूप सरकवला. जावेला दिसू दे तरी, आपण कशा आहोत ते!

पुढे एक दिवस ऑफिसात धाकट्या भावाचा, दत्तूचा, ट्रंककॉल आला.

“दादा, कमान झाली बरं! मिस्त्रीले तो दरवाजाच लय आवडला.”

“कोणता दरवाजा?”

“वयनी उभी हाये तो.”

आता बोला! घरी येऊन दादारावांनी आकाशपाताळ एक केलं. “विहाराला नवाबाचा दरवाजा! लोक तोंडात शेण घालतील माझ्या! पाडायलाच लावतो.”

सुभद्रा हसून हसून बेजार झाली. “पाडा हो खुशाल. पण माझा फोटो तेवढा आठवणीने परत आणा. एकच तर आहे.”

रजा मंजूर झाली, पण जाणं झालं नाही. सुभद्राला ताप आला, तो मेंदूत गेला आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. पुण्यानुमोदनाला बुद्धमूर्तीशेजारी ठेवायला फोटो हवा होता. दादारावांनी अल्बमच्या अल्बम उपसले, दरवाजाच्या फोटोची निगेटिव्हही कुठे सापडेना. स्तूप, स्तूप, नुसते स्तूप! एका कोपऱ्यात तिचं कोपर तेवढं आलं होतं. त्या कोपराकडे पाहून हा माणूस मायासमोर ओक्साबोक्शी रडला.

त्याच रजेत ते गावी गेले. पोचल्या पोचल्या हात पुढे केला. “दत्तू, फोटो दे.”

दत्तूने मान खाली घातली. मिस्त्रीने फोटो बांधकामाशेजारी लावून ठेवला होता, त्यावर चुन्याचं पाणी सांडलं होतं. फोटोतला दरवाजा जसाच्या तसा होता. खाली ती उभी होती तिथे नुसता पांढरा डाग.

दादाराव कितीतरी वेळ डागावरून बोट फिरवत राहिले. मग उठून विहाराकडे गेले. कमान खरोखरच तशीच होती, फक्त ठेंगणी.

“पाडाची का, दादा?” दत्तूने भीतभीत विचारलं.

दादारावांनी मान हलवली, नाही म्हणून. खांद्यावरचा कॅमेरा काढला आणि डोळ्याला लावला. तेवढ्यात पाण्याची घागर घेतलेली एक बाई कमानीखालून आली. कॅमेरा पाहताच ती लगबगीने कडेला सरकू लागली.

“नको, नको! बाजूला होऊ नका, बाई. तिथंच उभ्या राहा.”

बाई पदर सावरून उभी राहिली. दादारावांचं बोट काही बटण दाबेना.

“काढा ना, भाऊ,” अखेर बाईच म्हणाली, “हात भरून आला माहा.”