डाव्या कानाची वायर

टोपी पुन्हा विसरले. तिसऱ्यांदा.

जॅकवर तिन्ही वायरी सोल्डर करून झाल्या, मीटर लावून बघितलं, सगळं ठाकठीक. आणि नजर गेली तर टोपी टेबलावर आपली निवांत बसलेली. टोपी म्हणजे जॅकचं, इअरफोनच्या प्लेअरमध्ये खुपसायच्या पिनेचं, मागचं झाकण. ते वायरीत आधी ओवायचं आणि मगच सोल्डर करायचं. नंतर ते कुठूनच जात नाही. एका टोकाला जॅक, दुसऱ्या टोकाला कानात घालायचा बड, मग जाणार कुठून? म्हणजे तापवा परत, सोडवा सगळं, आणि पहिल्यापासून सुरू करा.

मी एकतीस वर्षं केबलच्या कारखान्यात सोल्डरिंग करतेय. माझ्या हातची वायर आजवर परत आलेली नाही, विचारा कोणालाही. आणि घरी, स्वतःच्या टेबलावर, पहिल्या आठवड्यातली पोरगीसुद्धा करणार नाही ती चूक मी तीन वेळा केली. दिवसभर तेच करून आलेले हात, पाठीचा पार खुळखुळा झालेला, त्यात हे. सोल्डरगन भिंतीवर फेकून मारावी असं वाटलं. फेकली नाही, कारण उद्या तीच लागणार.

का विसरते ते कळायला फार अक्कल लागत नाही. कारखान्यात वायर माझ्याकडे यायची तीच टोपी घालून. माझ्या आधीच्या टेबलावर वहिनी बसायची. वायर कापायची, टोकं सोलायची, टोपी ओवायची आणि माझ्याकडे सरकवायची. एकोणीस वर्षं. "या बाईने अख्ख्या कारखान्याला टोपी घातली," असं सुपरवायझर म्हणायचा, आणि ही मान वर न करता म्हणायची, "तुमचीच राहिलीये, बसा जरा." आता त्या टेबलावर मशीन आहे. तेही टोपी घालूनच देतं. माझ्या हाताला ती सवय लागायची वेळच आली नाही.

वहिनी जाऊन सात महिने झाले. दादा, तिचा नवरा आणि माझा थोरला भाऊ, तेव्हापासून माझ्याकडे राहतो. आयुष्यभर बसच्या डेपोत टायर बदलले त्याने. आता खिडकीशी खुर्ची टाकून बसतो. जेव म्हटलं तर दोन घास खातो, झोप म्हटलं तर आडवा होतो. भांडतसुद्धा नाही. त्याची मला जास्त भीती वाटते.

पूर्वी असा नव्हता. रोज संध्याकाळी वहिनी कामावरून आली की दोघं बाकड्यावर बसायचे. खिशात मावेल एवढा एक गाण्यांचा प्लेअर, आणि दोघांत मिळून एक इअरफोन. दादाचा डावा कान लहानपणीच्या तापात कायमचा गेलाय. म्हणून उजवा बड त्याच्या उजव्या कानात, आणि शेजारी बसलेल्या वहिनीच्या डाव्या कानात डावा. गाण्यातली काही वाद्यं एका बाजूला वाजतात, काही दुसऱ्या. दादा विचारायचा, "काय वाजतंय तुझ्याकडे?" वहिनी डोळे मिटून सांगायची, "बासरी." रोज अर्धा तास. मी चेष्टा करायचे, "काय हो, लग्नाला तीस वर्षं झाली आणि कानगोष्टी संपल्या नाहीत?"

ती गेल्यावर महिनाभराने मी प्लेअर चार्ज करून त्याच्या हातात दिला. एक गाणं ऐकलं त्याने आणि काढून ठेवला. "अर्धंच आहे," म्हणाला. "तिची बाजू गेली." त्यानंतर हात लावला नाही. मी गोड बोलून पाहिलं, ओरडून पाहिलं. शेवटी म्हटलं, बडबड पुरे. ज्या कामाचं आपल्याला कळतं ते करू. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून उजव्या कानात सोडणारी वायर बनवायची. मध्ये दोन बारके रेझिस्टर टाकायचे, बस. मग पूर्ण गाणं एकट्याच्या कानात. खिडकीतून उठवायचा मला तेवढाच एक रस्ता दिसत होता.

तर टोपीपायी तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशी बसले आणि कुठल्या रंगाची वायर कुठे जाते ते एकदा खात्रीने बघावं म्हणून जुन्या इअरफोनच्या जॅकची टोपी फिरवून काढली. हा इअरफोन वहिनीने स्वतः घरी बनवलेला. अकरा वर्षं टिकला, यातच काय ते समजा.

आत उजवी वायर सोल्डर केलेली. दोन्ही कानांची सामायिक वायर सोल्डर केलेली. डावी तशीच.

मला वाटलं तुटली. चष्मा पुसून दिव्याखाली धरली. तुटलेली वायर झिजते, तिचे तंतू विस्कटतात. ही कटरने सरळ कापलेली होती, टोक नीट मागे दुमडलेलं, वर टेपचा एक वेढा. टेप काढला. तांबं हिरवं पडलेलं, पण सोल्डरचा एक ठिपका नाही त्यावर. या वायरीला सोल्डर कधी लागलंच नव्हतं. पहिल्या दिवसापासून.

म्हणजे अकरा वर्षं वहिनीच्या कानात काहीच वाजत नव्हतं. बासरी नाही, काही नाही. आणि ही चूक असणं शक्यच नाही. कारखान्याच्या हजारो वायरी सोललेली बाई घरची एक वायर विसरेल?

मला तिचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये, पण आला. माझा भाऊ इथे तिच्या बाजूसाठी झुरतोय आणि हिला बाजूच नव्हती. मी टेप परत गुंडाळला, टोपी फिरवून बसवली आणि दादाला काही बोलले नाही.

नवी वायर मात्र त्या दिवशी झाली. हातात सोल्डरगन घेण्याआधी मी मोठ्याने म्हटलं, "टोपी." खिडकीशी बसूनच दादाने विचारलं, "काय?" "काही नाही," म्हटलं, "तुझ्या बायकोचं काम करतेय."

बड त्याच्या उजव्या कानात घातला आणि त्याचं आवडतं गाणं लावलं. तो ताठ बसला. चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि माझा जीव भांड्यात पडला. मग त्याच्या कपाळाला आठी आली. गाणं संपेपर्यंत ती गेली नाही.

"व्हायोलिनं आहेत बरीच," तो म्हणाला. "घंटा आहे कसली तरी. बासरी कुठाय?"

मी सोल्डरगनचा प्लग काढला.

"कडव्यानंतर बासरी आहे. ती रोज सांगायची. तुझं काहीतरी चुकलंय जोडताना."

एकतीस वर्षांत मला हे कोणी म्हटलं नव्हतं. ओठावर आलं होतं सगळं. जुनी टोपी उघडून त्याच्यापुढे धरली असती तर एका मिनिटात निकाल लागला असता. पण त्याच्या तोंडाकडे बघितलं. सात महिन्यांत पहिल्यांदा तो माझ्याशी भांडत होता, आणि तेही तिच्या बासरीसाठी.

"असेल चुकलं," मी म्हटलं. "हात आता पूर्वीसारखे राहिले नाहीत."

"जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला आणि नवी वायर काढून नीट गुंडाळून माझ्या हातात दिली. मग जुना इअरफोन प्लेअरला लावला, उजवा बड कानात घातला, आणि डावा माझ्यापुढे धरला. "ये. बस अशी. तू सांग."

स्वयंपाक व्हायचा होता. भांडी पडली होती. मी त्याच्या उजव्या हाताला स्टूल ओढून बसले आणि बड डाव्या कानात घातला.

आत काही नव्हतं. दिवसभर मशीनची कटकट कानात घुमत असते, घरी आल्यावरही बराच वेळ जात नाही. ती एका बाजूने थांबली. शेजारी दादा गाण्यात, म्हणून कोणी हाक मारणार नव्हतं, पाणी मागणार नव्हतं, आज काय झालं म्हणून विचारणार नव्हतं. पाठ आपोआप भिंतीला टेकली. डोळे मिटले. कारखान्यातून निघाल्यापासून पहिल्यांदा मी कोणाचं काही करत नव्हते.

वहिनीवरचा राग कुठल्या कुठे गेला. दमायची गं बिचारी. नवऱ्याजवळ बसायचं होतं तिला, पण आणखी एक आवाज नको होता. गाणं नको म्हटलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं. म्हणून एक वायर सोडून दिली तिने, आणि अर्ध्या तासाची किंमत म्हणून एकच शब्द द्यायची.

दादाने कोपराने हळूच ढोसलं. "काय वाजतंय तुझ्याकडे?"

"बासरी," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. "मग? मी सांगत नव्हतो?"